घरातलं एक माणूस

स्वतःच्याच खोलीत शिरताना दार वाजवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत ती राहायची. जिना चढायची, कुलूप काढायची, मग कडी दोनदा वाजवून जरा थांबायची आणि मगच आत जायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आत कोणाला आणून ठेवलंय की काय हिनं. मी सरळ वर गेले आणि विचारलं. तर म्हणते कशी, "आत सिनेमा लिवायचा पडलाय, भाबी. त्याला सांगाया नको का, मी आले म्हणून?"

म्हटलं, झालं! भाडेकरू मिळून मिळाली ती ही अशी.

जुन्नरला आमचं कापडाचं दुकान आहे. सासऱ्यांचे आजोबा मारवाडातून इकडे आले, पण आता आमच्या घरात सगळं मराठीच. मारवाडी फक्त भांडणापुरती उरलीय. दुकानात येणारं सगळं गाव मला भाभी म्हणतं, म्हणून तीही म्हणायची. फक्त तिच्या तोंडी ते 'भाबी' व्हायचं, कारण मराठी ती डोंगरातल्या घाटघरच्या बायकांकडून शिकली होती. गोरीपान, उंच, पन्नाशी उलटलेली कॅनडाची बाई बाजारात वाकून विचारायची, "भाऊ, वांगी कशी दिली? लई महाग सांगू नका राव." भाजीवाला हसूनच अर्धा व्हायचा आणि वर चार मिरच्या टाकायचा.

ती घाटघरला आली त्याचीही गंमतच आहे. कुठल्याशा परदेशी टीव्हीवाल्यांबरोबर कॅमेऱ्याच्या मदतीला म्हणून आली होती. त्यांना नाणेघाट पाहिजे होता. त्यांनी घाट काढला, डोंगर काढला, आणि संध्याकाळी गाडी पुण्याला निघाली. ही गाडीत बसलीच नाही. रस्त्याच्या खाली बायका दगड वाहून भाताचं खाचर तयार करत होत्या, ती तिकडे बघत उभी राहिली. गाडीवाल्यांनी हाका मारल्या, हॉर्न वाजवले, शेवटी तिची बॅग रस्त्यावर ठेवून ते गेले. त्यानंतर दर वर्षी दिवाळी झाली की ती हजर. उन्हाळ्यात परत गावी जायची आणि तिकडे लोकांची घरं रंगवून पोट भरायची. शिडीवर चढून, ब्रश घेऊन, स्वतः. माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग सिनेमे काय सुट्टीत काढते?" अगदी तसंच होतं.

आम्ही जैन, आमच्या घरात कांदा-लसूण चालत नाही. खोली देतानाच मी बजावलं होतं, वर शिजवायचं नाही. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाहते तर बाईसाहेब दुकानाच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून, भाकरी आणि अख्खा कांदा खात बसलेल्या. मी म्हटलं, "अहो, हे काय?" म्हणाली, "वर न्हाई ना? हे खाली हाय." काय बोलणार! गिऱ्हाइकं तिला ओलांडून दुकानात यायची. पण एक मात्र तिनं आमचं उचललं. दिवस मावळायच्या आत जेवण. धर्माबिर्माचं काही नाही, एकदा जेवण आटोपलं की पुढचा वेळ कामाला मोकळा, हा तिचा हिशोब.

खोलीत तिनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या. साड्यांच्या खोक्यांतले पुठ्ठे ती माझ्याकडून मागून न्यायची, त्यावर एकेक प्रसंग लिहायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी टांगायची. एखादा प्रसंग नको झाला की चिमटा काढून पुठ्ठा खिडकीतून खाली. आमचे हे दुकानाबाहेर उभे असताना एकदा त्यांच्या टकलावर एक पुठ्ठा येऊन बसला. यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि वर ओरडले, "अहो, चांगला दिसतोय की! का टाकला?" वरून उत्तर, "म्हनूनच! निस्ता चांगला दिसतोय!"

तिच्या आधीच्या सिनेमांबद्दल ती फारसं बोलायची नाही. मीच खोदून खोदून काढलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती गादीवर येऊन बसायची आणि मी चहा ठेवायची. पहिला सिनेमा तिनं स्वतःच्या गावावर काढला. तिच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता, तो बंद पडला, त्याची गोष्ट. तो सिनेमा लोकांना आवडला. मग एका मोठ्या कंपनीनं दुसऱ्या सिनेमाला पैसे दिले. त्यात एक बाई घर सोडून जाते. कंपनीनं काय केलं, हिला न विचारता शेवट बदलला आणि त्या बाईला हसत हसत घरी परत आणली. ही रांगेत उभी राहिली, तिकीट काढलं, स्वतःचाच सिनेमा पाहिला आणि बाहेर आली.

"मंग?" मी पण तिच्यासारखीच बोलायला लागले होते.

"मंग काय. तवापासून ठरावलं, माझ्या सिनेमात दुसऱ्याचा हात न्हाई. लिवनार मी, कॅमेरा माझा, कापाकापी मी करनार. लगीन न्हाई, कंपनी न्हाई. कुनी शेवट बदलाया नको."

हे ती अगदी शांतपणे बोलली, पण कपाची कड चावत होती. मला एकदम तिची कीव आली आणि रागही आला. म्हटलं, बाई गं, असं एकटीनं किती ओढणार?

ज्या सिनेमासाठी ती आमच्याकडे राहिली त्याची गोष्ट एवढीशी होती. डोंगरातली एक बाई. नवरा वारलेला. उताराची जमीन आहे, तिथं दगडाचा बांध घालून तिला खाचर करायचंय, म्हणजे पाणी साठेल आणि भात लावता येईल. शेवटी खाचर होतं. बाई हंडाभर पाणी त्यात ओतते आणि ते सगळीकडे सारखं पसरतंय का ते बघत बसते. संपला सिनेमा. आमच्या यांनी विचारलं, "आणि गाणं?" तिनं यांच्याकडे असं पाहिलं की हे गल्ल्यामागे जाऊन बसले.

त्या बाईचं काम घाटघरची हौसाबाई करणार होती. हौसाबाईच्या घरात तिघी बायका. ती, तिची जाऊ चिमाबाई आणि म्हातारी सासू. पुण्याहून दोघं पोरंटोरं आवाजाच्या आणि दिव्याच्या कामाला आणली होती. ती पोरं चार दिवस राहिली, त्यांना कुठल्याशा मालिकेचं काम मिळालं आणि पसार झाली. बांध तर अजून घालायचा होता. खोटा बांध तिला चालणार नव्हता. मजूर लावायला हातात काही नव्हतं. मला वाटलं, आता ही पुठ्ठे उतरवणार आणि विमान पकडणार.

दुसऱ्या दिवशी ती घाटघरहून आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. दार वाजवायलासुद्धा विसरली. "भाबी, पडकई! माझी पडकई लावली त्यांनी!"

पडकई म्हणजे आपल्या डोंगराकडची जुनी रीत. आज सगळ्या घरांनी मिळून तुमच्या शेतावर राबायचं, बांध घालायचा, खाचर करायचं. ज्याचं काम, त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. मग तुम्ही एकेका घराच्या शेतावर जाऊन तो दिवस फेडायचा. मजुरीचं नाव नाही. हौसाबाईच्या म्हातारीनं हिला बसलेली पाहिली आणि म्हणाली, "आगं, तुजं सिनेमाचं काम आडलंय ना? मंग पडकई लाव. पर आमच्या शेतावर यावं लागंल, टिकाव हातात धरून." ही कशाला नाही म्हणतेय!

मी जरा टोमणा मारलाच. "काय हो, दुसऱ्याचा हात नको होता ना? आता अख्ख्या गावाचा लागणार."

ती म्हणाली, "हात लागू दे. शेवट कुठं बदलतायत ते?"

पण बदलायचं ते शेवटापर्यंत थांबलंच नाही. पहिले दोन दिवस हौसाबाईनं काम केलं, झकास. तिसऱ्या दिवशी कॅमेरा लावून ही उभी, आणि हौसाबाईचीच साडी नेसून आली चिमाबाई! त्या दिवशी मीही तिथंच होते, जेवणाला भांडी कमी पडत होती म्हणून आमच्या गाडीतून पातेली घेऊन गेले होते. हिचा चेहरा लालबुंद झाला. "हौसाबाई कुठाय?"

"ती गेली आळ्याला, भावाच्या पोरीचा साखरपुडा हाय," चिमाबाई म्हणाली.

"आगं, पर सिनेमा? काल बाई ती व्हती. आज तू कशी?"

चिमाबाईला प्रश्नच कळेना. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "आवो, घरातलं एक मानूस पायजे ना? आलंय की मी. काम आडलंय का?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं हो. पडकईत घराचा दिवस असतो, माणसाचा नसतो. घरातून कोणीही एक आलं की झालं. त्यांना वाटलं, सिनेमालाही तेच. हिनं हातातली टोपी जमिनीवर आपटली. इंग्रजीत काहीतरी पुटपुटली, ते शिव्याच असणार. लांब जाऊन एका दगडावर पाठ करून बसली. मी म्हटलं, संपला खेळ. इकडे चिमाबाई काही थांबली नव्हती. तिनं घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं, आदल्या दिवशी हौसाबाईनं जिथं दगड ठेवला होता त्याच्याच शेजारी पुढचा ठेवला आणि परत फिरली. बाकीचे लोक तोंडाकडे बघत उभे राहिले होते. ही उठली, टोपी उचलून झटकली, कॅमेऱ्यामागे गेली आणि नेहमीचं वाक्य ओरडली, "बघू नका. करा!"

तिचं ते वाक्य घाटघरात पोराबाळांच्या तोंडी झालं होतं. कॅमेरा दिसला की माणसं हात थांबवून त्याच्याकडे बघायची, म्हणून तिनं ते धरलेलं. तिच्याकडे 'ॲक्शन' नव्हतं, 'कट' नव्हतं. तेवढंच. बघू नका, करा.

मग काय, कधी हौसाबाई, कधी चिमाबाई. आणि शेवटच्या दिवशी, पाणी ओतायच्या दिवशी, आम्ही नवरा-बायको पाहायला गेलो, तर त्या दोघींनाही ताप. आली ती म्हातारी. कमरेत वाकलेली, डोळ्यांनी अधू, तीच साडी. तिनं हंडा ओतला आणि खाली बसून हातानं पाणी चाचपत राहिली. सगळीकडे सारखं लागतंय का बघत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे म्हणाले, "धूळ गेली असेल." मी म्हटलं, "गप्प बसा."

पुढल्या वर्षी तिनं तो सिनेमा जोडून आणला आणि पहिल्यांदा घाटघरात दाखवला. पडद्याला मांजरपाट आमच्या दुकानातलं, देवळाच्या भिंतीला ठोकलेलं. दिवेलागण झाल्यावर सुरू केला. एका बाईची तिसऱ्या प्रसंगात दुसरी बाई झाली, पुढे म्हातारी झाली, गावात कोणाच्या कपाळाला आठी नाही. आमच्या यांनाच राहवलं नाही. मोठ्यानं म्हणाले, "आता ही कोण?" पुढून म्हातारीचा आवाज आला, "आवो त्याच घरातली हाय. गप बसा पावनं."

त्याच सुमारास तिला टोरांटोहून एका माणसाचा फोन आला. सिनेमे थिएटरात लावणारा मोठा माणूस. तिनं पाठवलेला सिनेमा त्याला फार आवडला होता. फक्त एकच म्हणणं. एवढ्या बायका नकोत, लोक गोंधळतात, एकच बाई घेऊन पुन्हा काढा. खर्च तो देणार, तिकडे गावोगाव लावणार. ती माझ्याजवळ येऊन बसली. मी पक्की दुकानदार. म्हटलं, "मग घे की काढून! हौसाबाई कुठं पळून गेलीय? जन्मभर घरं रंगवलीस. एकदा चार लोकांना कळू दे तुझं नाव."

तिनं कपाची कड चावली. मग म्हणाली, "त्या घरानं बाई दिली, भाबी. कोन द्यायची ते त्यांनी ठरावलं. आता मी म्हनू, ही पायजे, ती नको? मंग माझ्यात आन् त्या कंपनीत फरक काय ऱ्हायला?"

"अगं पण हा शेवटचा चान्स असेल!"

"असंल."

आणि तिनं तिथंच, माझ्यासमोर, फोन लावून त्याला नाही सांगितलं. मी तिला इतकी बोलले, इतकी बोलले की दुकानातल्या बाया साड्या सोडून ऐकायला लागल्या. अडेलतट्टू म्हटलं, वेडी म्हटलं. ती ऐकत राहिली, चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि वर गेली. दार वाजवल्याचा आवाज आला. नवा सिनेमा सुरू झाला होता.

तो खाचराचा सिनेमा मग तिनं तिकडे कॅनडात स्वतःच फिरवला. पडदा गुंडाळून गाडीच्या टपावर, यंत्र मागच्या सीटवर, आणि शाळांत, वाचनालयांत, चर्चच्या तळघरांत जमतील तेवढ्या माणसांना दाखवायचा. इकडे आली की घाटघरात दिवस फेडायचे. एकेका घराच्या शेतावर ती टिकाव घेऊन जायची. संध्याकाळी एसटीतून उतरायची ती वाकडीतिकडी होऊन. मी तेल गरम करून द्यायची आणि शिव्याही द्यायची. सगळी घरं झाली. राहिलं फक्त हौसाबाईचं. त्यांच्या वरच्या उताराला खाचर करायचं होतं, ते यंदा निघालं. "त्यांचं शेवटी करीन," ती म्हणायची. "त्यांनी जास्त दिलंय. घाईत न्हाई करायचं."

आणि यंदाच ती आली नाही. तिकडे बर्फावरून घसरली, हातात पडदा गुंडाळायची लोखंडी काठी होती म्हणून सावरता आलं नाही. कमरेचं ऑपरेशन झालं. व्हिडिओ कॉल केला तेव्हा पलंगावर होती. केस पांढरेफट, गाल बसलेले. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी रडली.

"डॉक्टर म्हनतोय, इमानात बसायचं न्हाई. ह्या वर्षी न्हाई, कदाचित पुढं पन न्हाई. आन् हौसाबाईची पडकई परवा हाय, भाबी. म्हातारी वाट बघंल. मी शब्द दिलाय."

"अगं, आजारपण आहे. त्यांना कळेल की."

"कळंल गं. पर दिवस ऱ्हाईल ना." तिनं नाक पुसलं. "त्यांच्या घरात तिघी व्हत्या. माझ्या घरात दुसरं मानूसच न्हाई धाडायला. सगळं एकटीनं केलं मी. आता बघ."

मी म्हटलं, "खोलीला कुलूप आहे तुझ्या. पुठ्ठे टांगलेत. मी रोज झाडते. कुणाच्या घरात आहे गं ती खोली?"

तिनं पुन्हा नाक पुसलं.

"तू माझ्या घरात राहतेस ना? मग?" म्हटलं आणि फोन ठेवला, नाहीतर मीही सुरू झाले असते.

यांना सांगितलं तर हे उडालेच. "तू? शेतावर? आपल्यात जमिनीत कुदळ घालत नाहीत, जीव मरतात, विसरलीस?" मी म्हटलं, "खणणार नाही. दगड वाहीन. गाडी काढा." वयाची साठी जवळ आली, गुडघे दुखतात, आयुष्यात गादीवरून उठून मी जास्तीत जास्त वरच्या फडताळातला तागा काढलेला. पण एकदा बोलले ते बोलले.

सकाळी निघालो. माणिकडोहचं पाणी मागे पडलं, चावंडच्या पुढे वळणं लागली, तसं हे पुन्हा पुन्हा विचारायला लागले, "नक्की ना? अजून परत फिरू." मी खिडकीबाहेर पाहत होते. जुनी सुती साडी नेसले होते, आणि पिशवीत तिची ती टोपी घेतली होती. खोलीत खिळ्याला असायची.

घाटघरला पोहोचलो तेव्हा उतारावर काम लागलेलं होतं. हौसाबाईनं मला पाहिलं आणि ती हसतच पुढे आली. "भाबी! पातेली आनली का?"

"पातेली नाहीत आणली. कामाला आलेय. पण मी खणणार नाही हं, दगड वाहीन."

ती गोंधळली. तिच्या मागे म्हातारी बसली होती, बांधाला लागेल असे दगड हातानं चाचपून बाजूला काढत. आता तिला अजिबातच दिसत नाही. तिनं मान वर केली. "कोन आलं गं? कुनाच्या घरचं मानूस?"

येताना मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. ऑपरेशन, बर्फ, डॉक्टर, विमान. त्यातलं काही तोंडातून निघालंच नाही. मी टोपी डोक्यावर चढवली आणि म्हटलं, "कॅनडाबाईच्या घरचं."

म्हातारीनं हातातला दगड बाजूला ठेवला. मग तिनं शेजारचं घमेलं माझ्याकडे सरकवलं. "मंग येवडा उशीर का केला? ऊन चढलं की. धर."

हौसाबाईनं घमेलं भरून डोक्यावर दिलं. मान कचकन वाजली. दोन पावलं गेले, तोल गेला, चिमाबाईनं कोपर धरलं. सगळी पडकई हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली, आणि वर रस्त्यावर आमचे हे गाडीला टेकून मोबाईल समोर धरून उभे. शूटिंग चाललेलं. बायकोनं दगड उचलले, गावाला दाखवायला नको का!

मी तिथूनच ओरडले, "अहो! बघू नका. करा!"

अख्खा उतार हसला. म्हातारी सगळ्यांत जास्त. यांनी मोबाईल खिशात टाकला, बूट काढून गाडीत ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जपून जपून खाली उतरायला लागले.